नव्याने रक्त घ्यायला शिकताय? पट्टा बांधण्यापासून सॅम्पल घाट चढेपर्यंत काय काय सांभाळायचं

डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) संपवून नुकतीच लॅबला लागलेली पोरं-पोरी पहिल्या दिवसापासून एकच विचारतात, "मॅडम, शीर सापडत नाही, काय करू?" अरे सापडेल. हात बसायला वेळ लागतो पण बसतो. भानगड होते ती सुईच्या आधी आणि सुईच्या नंतर, आणि तिकडे कोणाचं लक्षच नसतं. बल्बवर (म्हणजे रक्त भरायच्या छोट्या नळीवर) भलतंच नाव, पट्टा जास्त वेळ बांधून ठेवलेला, ईडीटीएचा (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा) बल्ब हलवायचा राहिलेला, सॅम्पल बाईकच्या डिकीत तापलेलं. यातलं काहीही पेशंटला दुखत नाही त्यामुळे तो ओरडत नाही आणि तुम्हालाही वाटतं कलेक्शन मस्त झालं. बोंब होते ती रिपोर्ट आल्यावर.

त्यात आपल्याकडे कोकणात साध्या टेस्ट गावात होतात आणि बाकीचं सगळं कोल्हापूर, पुणे नाहीतर मुंबईला जातं. तिकडून "सॅम्पल रिजेक्ट, परत पाठवा" असा मेसेज आला की ती आजी परत उपाशीपोटी एसटी धरून येणार, आणि आल्यावर तुम्हाला जे ऐकवणार ते वेगळंच. म्हणून जरा सविस्तर लिहितेय. फक्त एक लक्षात ठेवा, हे वाचून कोणी घरी कोणाला टोचायला जाऊ नका. शेजारी सिनियर उभा असतानाच शिकायचं हे काम आहे.

१. हात लावायच्या आधी: कागद आणि लस

लॅबला लागताना एका फाइलमध्ये हे घालून ठेवा, दर वेळी शोधाशोध नको:

- कोर्सचं सर्टिफिकेट आणि मार्कलिस्ट
- पॅरामेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचा कागद, अजून झाली नसेल तर अर्जाची पावती
- आधारची झेरॉक्स, फोटो
- हिपॅटायटिस बी लसीचं कार्ड

यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आणि नेमकं तेच कोणाकडे नसतं. हिपॅटायटिस बीचे तीन डोस असतात, पहिला, मग एक महिन्याने, मग पहिल्यापासून सहा महिन्यांनी. एक डोस घेऊन "घेतली हो लस" म्हणणारे ढीगभर आहेत. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर (लस अंगी लागली का ते सांगणारी रक्ताची टेस्ट) करून घ्या, १० च्या वर आला की बरं. मालक पैसे देत असेल तर उत्तम, देत नसेल तरी स्वतःच्या खिशातून करा.

२. ट्रे लावून मगच पेशंटला बोलवा

सुई हातात असताना "जरा कापूस देता का" म्हणायची वेळ येता कामा नये. ट्रेमध्ये हवं ते असं: हातमोजे (आपल्या मापाचे, ढगळे मोजे घालून शीर कळत नाही), पट्टा म्हणजे टुर्निकेट, ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे स्वॅब, सुया, सिरिंज किंवा व्हॅक्युटेनरचा (व्हॅक्यूमने आपोआप रक्त ओढणाऱ्या बल्बचा) होल्डर, बटरफ्लाय (पंख आणि लांब नळी असलेली सुई), सगळ्या रंगांचे बल्ब, कोरडा कापूस किंवा गॉझ, चिकटपट्टी, लेबलं, न पुसणारं पेन, नीडल कटर आणि सुयांचा पांढरा डबा. डबा हाताच्या अंतरावर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला नाही.

सुईचा आकार हबच्या (सुईच्या प्लॅस्टिकच्या बुडाच्या) रंगावरून ओळखतात, २१ गेज हिरवी, २२ काळी, २३ निळी. नंबर वाढेल तशी सुई बारीक. धडधाकट माणसाला २१ किंवा २२, म्हाताऱ्या माणसाच्या नाजूक शिरेला आणि मनगटामागच्या शिरांना २३ ची बटरफ्लाय. नवीन माणसाला वाटतं जितकी बारीक सुई तितकं पेशंटला बरं. पण फार बारीक सुईतून जोरात ओढलं की लाल पेशी फुटतात आणि सीरम (रक्त गोठल्यावर वेगळं होणारं पिवळसर पाणी) गुलाबी निघतं. सॅम्पल हिमोलाइज झालं म्हणतात ते हेच.

बल्बची एक्सपायरी बघा. व्हॅक्यूमचे बल्ब जुने झाले की ओढत नाहीत आणि तुम्ही बसता शिरेला दोष देत.

३. हा कोण आणि याचं काय करायचंय

माझं मत विचाराल तर सगळ्या पायऱ्यांमधली ही सगळ्यात अवघड, कारण सोपी वाटते.

आपल्याकडे एका वाडीत सगळ्यांचं आडनाव एक. बाकावर तीन सावंतकाकू बसल्यात, तुम्ही दारातून ओरडता "सावंतकाकू कोण?" आणि जी सगळ्यात घाईत आहे ती उठते. म्हणून नाव आपण सांगायचं नाही, त्यांच्याकडून वदवून घ्यायचं. "तुमचं पूर्ण नाव सांगा, वय किती?" असं विचारा. "तुम्ही सुनंदा सावंत ना?" असं विचारलं की ज्यांना कमी ऐकू येतं त्या हसून मान हलवतात, झालं काम. नाव आणि जोडीला वय किंवा जन्मतारीख किंवा लॅबचा नंबर, अशा दोन गोष्टी फॉर्मशी जुळल्याच पाहिजेत.

मग उपवासाचं. "काही खाल्लंय का?" या प्रश्नाला कोकणात उत्तर येतं, "नाय रे झिला, काय एक खावक नाय, वायच पेज घेतलंय." पेज हे खाणंच. चहा, कोरा असला तरी, चालत नाही. मशेरी लावली का, विडी ओढली का तेही विचारा. पाणी चालतं, उलट पाणी प्यायलेल्या माणसाची शीर चांगली सापडते. फास्टिंग शुगरला किमान ८ तास पोट रिकामं हवं, लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे) उपाशीपोटी मागितलं असेल तर ९ ते १२. त्यापेक्षा फार जास्तही नको, आदल्या संध्याकाळी सातला जेवून सकाळी अकराला आलेला माणूस तुमच्या अंगावर पडेल. पीपी म्हणजे जेवणानंतरच्या शुगरचे दोन तास जेवणाच्या पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही.

हेही विचारून घ्या, दर वेळी, न कंटाळता:

- रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का
- रक्त बघून किंवा सुई बघून चक्कर येते का
- स्तनाचं ऑपरेशन झालंय का, कुठल्या बाजूचं (त्या हाताचं रक्त घ्यायचं नाही)
- डायलिसिसचा फिस्टुला (डायलिसिससाठी हातात शीर आणि धमनी जोडलेली जागा) आहे का (त्या हाताला पट्टासुद्धा बांधायचा नाही)
- केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेतात का, कारण थायरॉइडसारख्या टेस्टमध्ये काही मशीनवर त्याने आकडे चुकतात, घेत असतील तर डॉक्टरांना कळवा

तापाचा पेशंट असेल तर फॉर्मवर तापाचा कितवा दिवस ते लिहा. आपल्याकडे भातलावणी सुरू झाली की लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आणि डेंग्यूचे पेशंट रांगेने येतात. डेंग्यूची एनएस१ (थेट विषाणूचा अंश शोधणारी टेस्ट) पहिल्या पाचेक दिवसांत कामाची, आयजीएम (शरीराने तयार केलेली अँटिबॉडी) नंतर वर येतं, लेप्टोचं आयजीएमही पहिल्या दोन दिवसांत निगेटिव्हच येण्याची शक्यता जास्त. दिवस लिहिलेला असला की डॉक्टरला निगेटिव्ह रिपोर्ट कसा वाचायचा ते कळतं.

एचआयव्हीची टेस्ट असेल तर २०१७ च्या कायद्याप्रमाणे पेशंटची संमती लागते, सही घेतल्याशिवाय बल्ब भरू नका. आणि रिपोर्ट कोणाचा काय आला हे बाहेर बोलायचं नाही म्हणजे नाही. गाव लहान असतं, एसटी स्टँडवर चहा पिताना कोणीतरी सहज विचारतं, "त्याच्यात काय निघालं रे?" तिथे आपण फक्त चहा प्यायचा.

४. बसवणं

हात असलेल्या खुर्चीवर बसवा, हात सरळ, कोपराखाली उशी. ज्याला चक्कर येते म्हणाला त्याला आडवाच करा, लाजू देऊ नका. "माका रगात बघवणा नाय हां" असं एखादा भलादांडगा खलाशी म्हणाला तर हसू नका, असेच धाडकन पडतात. उभ्याने कोणाचंही रक्त घ्यायचं नाही. तोंडात गोळी, तंबाखू, थर्मामीटर काही नको.

५. पट्टा आणि शीर

पट्टा टोचायच्या जागेच्या तीन-चार इंच वर बांधा. एका मिनिटाच्या वर ठेवायचा नाही. शीर शोधण्यातच मिनिट गेलं तर सोडा, दोनेक मिनिटं जाऊ द्या, परत बांधा. जास्त वेळ बांधून ठेवला की पाणी शिरेबाहेर जातं, रक्त तिथल्या तिथे घट्ट होतं, प्रोटीन, कॅल्शियम सगळं वर दिसतं.

मूठ हलकेच बंद करायला सांगा. मुठी उघडझाक करायला लावू नका, सगळीकडे हेच चालतं आणि हेच चुकीचं आहे. स्नायूंमधून पोटॅशियम बाहेर पडतं आणि रिपोर्टात उगाच वाढलेलं दिसतं.

आता शीर. डोळ्यांनी शोधू नका, बोटाने शोधा. तर्जनीने हलकं दाबलं की शीर खालून उसळी घेते. दाबल्यावर कडक दोरीसारखी लागली आणि हलली नाही तर ती जुनी खराब झालेली शीर. ठोका लागला तर ती धमनी, तिथून हात काढा. कोपराच्या खोबणीत मधोमध मेडियन क्युबिटल असते, ती पहिली पसंती, मोठी असते, फार सरकत नाही. अंगठ्याच्या बाजूला सेफॅलिक, जाड माणसांत बऱ्याचदा हीच कामाला येते. करंगळीच्या बाजूला बॅसिलिक, दिसते छान पण तिच्याजवळ धमनी आणि नस (नर्व्ह, शीर नव्हे) दोन्ही असतात, म्हणून ती शेवटी. नवीन असाल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

मासे उतरवणाऱ्या, जाळी ओढणाऱ्या लोकांच्या शिरा दोरखंडासारख्या वर आलेल्या असतात आणि बघून आनंद होतो, पण कातडी जाड असते आणि शीर सुईपुढून सरकते, खाली अंगठ्याने नीट ताणून धरलं नाही तर हमखास चुकते. काजू सोलणाऱ्या बायकांच्या हातांना काजूच्या सालीतल्या चिकाने भाजलेले काळे डाग असतात, तिथे टोचू नका, सोललेल्या कातडीवर स्पिरिट लागलं तर बाई किंचाळेल आणि तिचं बरोबरच असेल. शीर सापडतच नसेल तर हात खाली सोडून ठेवायला सांगा, कोमट पाण्याच्या कपड्याने शेका. थापट्या मारू नका.

सलाइन चालू असलेल्या हाताचं रक्त घेऊ नका, दुसरा हात धरा. सलाइनच्या वरून घेतलेल्या रक्तात पेशंटपेक्षा बाटलीच जास्त असते.

६. पुसणं आणि टोचणं

स्वॅबने जागा पुसा आणि वाळू द्या, निदान ३० सेकंद. पावसाळ्यात आपल्याकडे हवेतच इतकी ओल असते की जरा जास्तच लागतं, थांबा. फुंकर मारायची नाही, कापसाने टिपायचं नाही. ओल्या स्पिरिटमधून सुई घातली की पेशंटला झोंबतं आणि रक्त हिमोलाइज होऊ शकतं. आणि पुसल्यावर परत बोट लावून "इथेच होती ना" असं बघायचं नाही. बघायचंच असेल तर परत पुसा.

मग असं:

अंगठ्याने शिरेच्या इंच-दोन इंच खाली कातडी ताणा. सुईचं तिरकं तोंड वर. कोन १५ ते ३० अंश, शीर वर असेल तर कमी. "टोचतेय हं" असं सांगा आणि एका दमात, न थबकता आत घाला. घाबरत घाबरत हळू घातली की जास्त दुखतं. शिरेत गेल्यावर एक हलकी सैलावलेली जाणीव येते. ती शब्दात सांगता येत नाही, आली की कळेल. सिरिंज किंवा बटरफ्लाय असेल तर हबमध्ये किंवा नळीत रक्ताचा थेंब दिसतो. साध्या होल्डरमध्ये दिसत नाही, बल्ब आत ढकलल्यावरच कळतं, तेव्हा तिथे घाबरून सुई हलवत बसू नका.

रक्त यायला लागलं की पट्टा सैल करा, मूठ सोडायला सांगा. सिरिंज असेल तर दट्ट्या आधी एकदा मागेपुढे करून मोकळा केलेला असावा आणि ओढायचं ते सावकाश.

रक्त आलं नाही तर? किंचित पुढे, किंचित मागे, बल्ब बदलून बघा. एवढंच. डावीकडे-उजवीकडे सुईने खोदायचं नाही, नसेला लागेल. पेशंट म्हणाला "करंट बसल्यासारखं झालं, बोटापर्यंत मुंग्या गेल्या" तर त्याच क्षणी पट्टा सोडा, सुई बाहेर. लालभडक रक्त ठोक्याठोक्याने आलं तर धमनीत गेलात, सुई काढून किमान पाच मिनिटं स्वतः घट्ट दाबून धरा, पेशंटच्या हातात कापूस देऊन मोकळे होऊ नका, आणि सिनियरला हाक मारा.

दोन प्रयत्नांत जमलं नाही तर तिसरा तुम्ही करायचा नाही. दुसऱ्याला बोलवा. यात कसला कमीपणा नाही, माझ्याही समोर असे हात येतात आणि मीही बाजूला होते.

७. बल्बचा क्रम

हा पाठ करा, झोपेत विचारलं तरी आला पाहिजे:

ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का बघायची टेस्ट) असेल तर ती बाटली सगळ्यात आधी. मग आकाशी झाकणाचा सायट्रेट, मग लाल प्लेन किंवा पिवळा जेलचा, मग हिरवा हेपॅरिन, मग जांभळा ईडीटीए, शेवटी करडा फ्लोराइड.

कारण असं की एका बल्बमधलं औषध सुईला लागून पुढच्या बल्बमध्ये जाऊ शकतं. ईडीटीएच्या बल्बात पोटॅशियमचंच मीठ असतं आणि ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं. जांभळा आधी भरून मग लाल भरला की रिपोर्टात पोटॅशियम वाढलेलं, कॅल्शियम घसरलेलं. याहून वाईट म्हणजे प्लेन बल्बात रक्त कमी पडलं म्हणून जांभळ्यातलं थोडं ओतणं. असलं सॅम्पल मशीनवर लागलं की पोटॅशियम इतकं येतं की त्या आकड्यावर माणूस जिवंत असायला नको, आणि तो बाहेर बाकावर बसून पेपर वाचत असतो. हसण्यावारी नेऊ नका, थोडंसंच मिसळलं असेल तर आकडा खरा वाटण्याइतपत वाढतो आणि डॉक्टर त्यावर औषध देतो.

सायट्रेटच्या बल्बाला रेघ असते, तिथपर्यंतच रक्त भरायचं, कमीही नाही जास्तही नाही. नऊ भाग रक्त, एक भाग सायट्रेट. २.७ मिली रक्ताला ०.३ मिली आत आधीच असतं. कमी भरलं तर पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती टेस्ट) खोटाच लांबतो, मग रक्त पातळ करायच्या गोळीचा डोस त्यावरून बदलला जातो. बटरफ्लायने घेताना सायट्रेट पहिला असेल तर नळीतली हवा त्या बल्बात जाते आणि रक्त कमी पडतं, म्हणून आधी एक फुकट बल्ब लावून नळी भरून घ्या आणि तो टाकून द्या.

सिरिंजने घेतलं असेल तर भरताना सुईतून दट्ट्या दाबून झाकणात मारू नका. छोट्या लॅबमध्ये सुई कटरमध्ये टाकून, बल्बचं झाकण उघडून, बल्बच्या भिंतीवरून रक्त हळू सोडतात. क्रम तोच, आणि हात जरा चटचट चालवा, सिरिंजमध्येच गुठळी व्हायला लागते.

८. हलवणं

बल्ब भरला की लगेच उलटासुलटा करायचा, हलक्या हाताने. सायट्रेट ३-४ वेळा, क्लॉट अॅक्टिव्हेटरचा (रक्त लवकर गोठवणाऱ्या पदार्थाचा) लाल-पिवळा ५ वेळा, ईडीटीए, हेपॅरिन, फ्लोराइड ८ ते १० वेळा. एकदा पूर्ण उलटा करून परत सरळ केला की एक. खुळखुळ्यासारखा हलवायचा नाही, पेशी फुटतात.

आता जांभळ्याबद्दल जरा थांबून सांगते. पावसाळा, तापाचा पेशंट, डेंग्यूची भीती, लॅबमध्ये गर्दी. तुम्ही जांभळा भरला आणि स्टँडला लावून पुढच्या पेशंटकडे वळलात. आत डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक गुठळ्या झाल्या आणि प्लेटलेट्स त्यात अडकल्या. मशीनला त्या मोजता येत नाहीत, ते सांगतं प्लेटलेट चाळीस हजार. संध्याकाळी घरचे गाडी करून आंबा घाटातून कोल्हापूरला निघतात, तिथे परत तपासलं तर दीड लाखाच्या वर. गाडीभाडं गेलं, रात्र गेली, आणि त्या लॅबचं नाव गावात कायमचं गेलं. सगळं कशाने, तर दहा वेळा हात फिरवला नाही म्हणून. प्लेटलेट कमी आल्या की आधी बल्बात काडी फिरवून गुठळी आहे का बघायचं, मग स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) मायक्रोस्कोपखाली बघायचा, मगच रिपोर्ट सोडायचा. काही जणांच्या प्लेटलेट ईडीटीएमध्येच चिकटतात, त्यांचं परत सायट्रेटमध्ये घेऊन बघतात.

बल्बवर लेबल पेशंट समोर असतानाच लावा. नाव, वय, नंबर, तारीख, वेळ. साधं बॉलपेन स्पिरिट लागलं की पुसतं. लेबल लावल्याशिवाय पेशंटला खुर्चीवरून उठू द्यायचं नाही, हा नियम स्वतःलाच घालून घ्या.

९. सुई काढणं आणि कचरा

हा क्रम चुकवू नका: पट्टा पूर्ण सुटलेला आहे ना, बल्ब होल्डरमधून बाहेर आहे ना, मग जागेवर कापूस ठेवा, सुई सरळ बाहेर काढा, बाहेर आल्यावर दाबा. सुई आत असताना दाबायचं नाही. पट्टा बांधलेलाच ठेवून सुई काढली तर काळंनिळं होणारच.

हात कोपरात दुमडू नका. सगळे दुमडतात, लहानपणापासून तसंच बघितलंय. हात सरळ ठेवून दोन-तीन मिनिटं दाबायचं, रक्त पातळ व्हायची गोळी असेल किंवा प्लेटलेट कमी असतील तर पाच मिनिटं किंवा जास्त. थांबलं का बघा, मग पट्टी.

सुईला टोपण परत लावायचं नाही. सुई कटरमध्ये, तिथून पांढऱ्या न फुटणाऱ्या डब्यात. सुईशिवायची सिरिंज, मोजे, प्लॅस्टिकचे बल्ब लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, काच निळ्यात. २०१६ चे बायोमेडिकल वेस्टचे नियम आहेत. प्रत्येक पेशंटला मोजे नवीन, हात धुऊन.

१०. घरी जाऊन कलेक्शन

जुन्या घरांत माजघरात अंधार असतो, पेशंटला पडवीत किंवा ओटीवर उजेडात आणा, जमत नसेल तर डोक्याला लावायची बॅटरी ठेवा. आजोबा झोपाळ्यावरून उठायला तयार नसतात, "इथेच घे" म्हणतात. झोपाळ्यावर घ्यायचं नाही, कोणी कितीही रागावलं तरी. कुत्रं बांधायला सांगा. कचरा त्यांच्या परसात टाकू नका, सगळा परत आणायचा.

किती वाजता घेतलं ते लिहा आणि घड्याळ चालू झालं असं समजा. प्लेन बल्बला गोठायला अर्धा तास द्या, उभा ठेवून. दोन तासांच्या आत सेंट्रिफ्यूज मशीनवर गरगर फिरवून सीरम वेगळं झालं पाहिजे. साध्या बल्बात पेशी साखर खात राहतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के कमी होते, म्हणून शुगर फ्लोराइडमध्ये. दाभोळच्या फेरीबोटीची वाट बघत उभे राहिलात तरी पेशी थांबत नाहीत.

नवीन मुलं एक हमखास करतात, सॅम्पल खराब होऊ नये म्हणून न फिरवलेला बल्ब फ्रीजमध्ये किंवा थेट बर्फावर ठेवतात. गारठ्यात पेशींमधून पोटॅशियम बाहेर येतं आणि बर्फाला चिकटून पेशी फुटतात. आधी फिरवा, सीरम वेगळं करा, मग गार करा. लाईट गेली असेल आणि इन्व्हर्टरही बसला असेल तर बल्ब सावलीत उभा ठेवा, वेळ लिहा, जिथे लाईट आहे तिथे पाठवा. पीटीचं सॅम्पलही फ्रीजमध्ये नको. जेलचा बल्ब एकदाच फिरवतात, परत नाही.

बाहेर पाठवताना बल्ब आधी गळती न होणाऱ्या पिशवीत, ती पिशवी कडक डब्यात, डबा थर्माकोलच्या बॉक्समध्ये, जेल पॅक आणि बल्ब यांच्यामध्ये वर्तमानपत्राची घडी. फॉर्म वेगळ्या पिशवीत, एखादा बल्ब फुटला तर कागद रक्ताने भिजतात आणि कोणाचं काय तेच वाचता येत नाही. एसटीने पार्सल जात असेल तर कंडक्टरला सांगून इंजिनापासून लांब ठेवायला लावा. मे महिन्यात बाईकच्या डिकीत तर काहीच ठेवू नका, पाठीवरच्या बॅगेत घ्या.

११. चक्कर आली तर

चेहरा पांढरा, कपाळावर घाम, जांभई, बोलणं बंद. दिसलं की सुई काढा, पट्टा सोडा, कापूस दाबा, आडवं करा, पाय वर. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका. नातेवाईक लगेच कांदा हुंगवायला धावतात, त्यांना खिडकी उघडायचं काम द्या. बरं वाटल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेवा, एकट्याने बाईकवर पाठवू नका. दोन मिनिटांत शुद्ध आली नाही, छातीत दुखतंय म्हणाला किंवा झटका आला तर डॉक्टर, ताबडतोब.

१२. सुई स्वतःला टोचली तर

साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. दाबून रक्त काढायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही, ब्लीच किंवा स्पिरिट ओतायचं नाही. डोळ्यात उडालं तर नुसत्या पाण्याने धुवत राहा. मग लगेच सिनियरला सांगा आणि जिल्हा रुग्णालय गाठा. एचआयव्हीपासून बचावाच्या गोळ्या दोन तासांच्या आत सुरू झाल्या तर सर्वात चांगलं, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग नाही, कोर्स २८ दिवसांचा. तुम्ही देवगडच्या टोकाला असाल तर ओरसच्या जिल्हा रुग्णालयात पोचायलाच वेळ जातो, म्हणून "संध्याकाळी लॅब बंद झाल्यावर जाते" असं करू नका. कुठे जायचं कळत नसेल तर १०९७ वर फोन करा, सरकारी एड्स हेल्पलाइन आहे, फुकट.

जाताना कुठल्या पेशंटची सुई, किती वाजता टोचली, मोजे होते का, सुई पोकळ होती का आणि तुमच्या लसीचा टायटर किती हे एका कागदावर लिहून न्या, तिथले डॉक्टर हेच विचारतात. टायटर १० च्या वर असेल तर हिपॅटायटिस बीची काळजी मिटली, म्हणून तर वर एवढं सांगितलं. तुमचं त्या दिवशीचं रक्त तपासायला देतील, पुढच्या तपासण्यांच्या तारखा देतील, त्या फोनमध्ये लगेच टाका. आणि लॅबच्या रजिस्टरमध्ये नोंद करून मालकाची सही घ्या, तो "काय होत नाय गो" म्हणाला तरी.